मामाचं पिसं

अलिबागच्या माणसाकडे पाहुणे येतात ते समुद्रासाठी किंवा मासळीसाठी. माझ्या मामांकडे येणाऱ्याला मात्र या दोन्हींच्या आधी गरुडाची पिसं मोजावी लागतात. गरुड अमेरिकेचा, साल १८७८, धातू चांदी. पाहुणा वाळूने भरलेले पाय झटकून ओटीवर टेकतो न टेकतो तोच त्याच्या हातात भिंग येतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "शेपटीकडे बघा. किती दिसतात?" पाहुण्याने सात म्हटलं तर मामा नुसतंच "हं" म्हणतात. आठ म्हटलं तर, "पुन्हा मोजा." आणि एखादा पाहुणा चुकून म्हणालाच, की सात आहेत पण खालून आणखी काहीतरी डोकावतंय, तर त्याला जेवल्याशिवाय सुटका नाही.

या गरुडाची कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण मामा ती थोडक्यात सांगत नाहीत. अमेरिकेत पश्चिमेकडच्या खाणींतून चांदी वारेमाप निघत होती, तिचा भाव घसरत होता आणि खाणवाल्यांचा सरकारदरबारी चांगलाच वशिला होता. मग १८७८ साली ब्लँड-ॲलिसन कायदा झाला. सरकारने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची असं ठरलं. नाण्याचं चित्र काढलं इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गन या कारागिराने. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा मुखडा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. सुरुवातीच्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीला आठ पिसं होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आजवरच्या अमेरिकन नाण्यांवर ही पिसं विषम असायची. झालं! सात करायचं फर्मान निघालं. पण आठ पिसांचे ठसे तर तयार होते, ते काय भंगारात घालायचे? त्यातल्या काहींवर सात पिसांचं नवं शेपूट दाबून बसवण्यात आलं. म्हणून काही नाण्यांवर सातांच्या खालून जुन्या पिसांची टोकं दिसतात. परक्या सरकारच्या एका खात्याने तेव्हा केलेली काटकसर आज मामांच्या पेन्शनीतून वसूल होते आहे.

मला वाटायचं, छंद म्हणजे चांगली वस्तू जमवणं. या छंदात वस्तू जितकी बिघडलेली तितका तिचा मान मोठा. व्हॅन ॲलन आणि मॅलिस अशा दोघा अमेरिकन गृहस्थांनी या डॉलरच्या प्रत्येक ठशातली बारीकसारीक तफावत नोंदवून तिला क्रमांक दिले, आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या नाण्यांना 'व्हॅम' म्हणतात. साल वर-खाली सरकलं, व्हॅम. अक्षर दोनदा उमटलं, व्हॅम. ठशाला तडा गेला आणि ती रेघ देवीच्या चेहऱ्यावर आली, तर काय विचारता! १८८८ साली न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत असं एक नाणं पडलं, त्याला जाणकार 'स्कारफेस' म्हणतात. त्याच टांकसाळीत त्याच साली आणखी एका ठशावर देवीचे ओठ दोनदा उमटले. त्या नाण्याचं प्रचलित नाव 'हॉट लिप्स' आहे. मामा घरात त्याचा उल्लेख फक्त "अठ्ठ्याऐंशीचा व्हॅम चार" असा करतात.

मामी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. चूक दिसली की तिच्याखाली लाल रेघ ओढून गुण कापायचे, हे त्यांनी जन्मभर केलं. आता घरात एक माणूस भिंग घेऊन चुका शोधतो आणि सापडली की जास्त पैसे देतो, हे त्यांच्या पचनी पडत नाही.

"म्हणजे बरोबर छापलेलं स्वस्त?"

"स्वस्तच. १९२१ साली फिलाडेल्फियात सव्वाचार कोटींच्या वर पाडलेत. हवे तितके मिळतात."

"आणि ओठ बिघडलेलं महाग."

"अगं, दुर्मीळ आहे ते."

"माझ्या वर्गात काही दुर्मीळ नव्हतं," मामी म्हणाल्या आणि कोयंडा लावायला गेल्या.

मामांनी मग स्वदेशी पुरावा काढला. शिवराईच घे ना, म्हणाले. तांब्याच्या या नाण्यांचे ठसे हाताने कोरलेले, कारागीर अनेक, म्हणून एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' हे शब्द निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले सापडतात. वेलांटी कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे अक्षरच गाळलेलं. संग्राहक एकेक प्रकार शोधत जन्म घालवतात. मामींनी शिवराई हातात घेतली, बराच वेळ निरखली. महाराजांचं नाव असल्यामुळे लाल रेघेचा विचार त्यांनी सोडून दिला असावा. एवढंच म्हणाल्या, "घाईत असतील."

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. मॉर्गनने देवीच्या चेहऱ्यासाठी जिला समोर बसवलं ती ॲना विल्यम्स फिलाडेल्फियातली शिक्षिका होती. गोष्ट बाहेर फुटल्यावर लोक तिच्या मागे लागले, नाटकात काम कराल का म्हणून विचारणाही झाली, पण बाईंनी शाळा सोडली नाही. हे कळल्यापासून मामी त्या नाण्याला "मास्तरीणबाईंचा डॉलर" म्हणतात आणि त्यावर कोणी चहाचा कप ठेवला तर रागावतात.

पहिला डॉलर न्यू जर्सीच्या मामेभावाने आणला. त्याला वाटलं, वडिलांना एक आठवण. वडिलांना वाटलं, चिरंजीवांनी पुरवठ्याची सोय केली. हल्ली मामेभाऊ फोनवर हवामानाखेरीज काही बोलत नाही. तो डॉलर मामांनी आधी ओळखीच्या सराफाकडे नेला. सराफांनी तो काट्यावर टाकला, २६ ग्रॅम ७३, म्हणाले, "नव्वद टक्के चांदी. घट धरून भाव सांगतो." मामांनी त्यांना पिसांविषयी सांगितलं. सराफांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिसांचे वेगळे नाही मिळणार."

त्यानंतर मामा फोर्टच्या फुटपाथवर नाणी घेऊन बसणाऱ्यांकडे वळले. मांडव्याहून लाँच, गेटवेहून चालत. तिथे मॉर्गन डॉलर ढिगाने दिसतात. त्यातले बरेच चीनमध्ये परवा-तेरवा पाडलेले असतात, चांदीशी ज्यांची ओळखही झालेली नसते. मामांनी खिशातून लोहचुंबक काढला. चांदी चुंबकाला चिकटत नाही, आणि चुंबक जोरकस असेल तर तिरप्या धरलेल्या चांदीवरून तो हळूहळू, पाय ओढत घसरतो. हे मामांनी विक्रेत्याला समजावून सांगायला घेतलं. विक्रेत्याने मराठी माणसाला मुंबईत जो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो तोच विचारला, "अलिबागसे आया है क्या?"

या प्रश्नावर बंदी घाला म्हणून एका अलिबागकराने उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, हे मामांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "हो, अलिबागहूनच आलोय. आमच्याकडे १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांनी इथली यंत्रं बिघडली असती, म्हणून कुलाब्याची वेधशाळा अलिबागला आणली. चुंबकाचं तुम्ही मला सांगू नका." आणि चुंबक नाण्यावर टेकवला. नाणं टुणकन उडून चुंबकाला चिकटलं. त्या दिवसापासून तो विक्रेता मामांना लांबूनच नमस्कार करतो आणि मागचा डबा काढतो.

आता घरात ही चांदी सांभाळायची कशी, हा समुद्रकाठचा खास प्रश्न. खारा दमट वारा चांदीला काळवंडवतो. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांत ठेवलं तर नाण्यावर हिरवट चिकटा चढतो. म्हणून बुटांच्या खोक्यांत येतात त्या दमट हवा शोषणाऱ्या पुड्या मामा गोळा करतात. शेजारीपाजारी, जावयाकडे, लग्नाच्या खरेदीला, कुठेही नवे जोडे आले की मामा हजर. मामींच्या मैत्रिणींचा समज आहे की यांना पायाचं काही दुखणं असावं.

काळवंडण्याचंही एक शास्त्र आहे. नाण्यावर काळानुसार चढलेली निळी-जांभळी झाक म्हणजे संग्राहकाच्या लेखी सौंदर्य. ती घासून काढली की किंमत धाडकन खाली. इकडे आपल्याकडे दिवाळीत चांदी घासल्याशिवाय लक्ष्मी घरात शिरत नाही अशी समजूत. धनत्रयोदशीला मामी पितळेच्या ताटात राणीछाप आणि राजाछाप रुपये ओततात, चिंच, रांगोळी आणि मनगटाची ताकद यांनी ते असे लखलखीत करतात की व्हिक्टोरिया राणीच्या नाकाचा शेंडा आता फक्त आठवणीत उरला आहे. त्या दिवशी मामा घराबाहेर असतात. एकदा लक्ष्मीपूजनाच्या ताटात मास्तरीणबाईंचा डॉलरही गेला. घासला नव्हता, एवढीच कृपा. पण मामींनी सवाष्ण समजून गालाला हळद आणि कपाळाला कुंकू लावलं होतं. मामांनी भिंग घेऊन पाहिलं आणि कुंकवाचा कण केसांच्या बटेत अडकलाय असं जाहीर केलं. तो आता काढताही येत नाही, कारण काढणं म्हणजे साफ करणं. व्हॅमच्या यादीत या प्रकाराला अजून क्रमांक मिळालेला नाही.

अलिबागमध्ये राहून अमेरिकेची नाणी का, असं त्यांना बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. कान्होजी आंग्र्यांनी याच मुलखात स्वतःचा चांदीचा 'अलिबागी रुपया' पाडला होता. आरमार आपलं, जकात आपली, तर नाणं परक्याचं का, असा तो बाणा. त्यांची समाधी मामांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण अलिबागी रुपया मामांकडे नाही. जिथे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते इथे उलट्या अर्थाने खरं झालंय. जिथे पाडलं तिथे मिळत नाही. कार्सन सिटीत पाडलेला डॉलर अलिबागला घरपोच येतो. अलिबागचा रुपया अलिबागला येत नाही. त्यासाठी मामा न्यू जर्सीला फोन करायचे बाकी आहेत, आणि तेही करतील.

तसे ते इंग्रजी अंमलातल्या रुपयांवर भूक भागवतात, आणि माझ्या मते तिथे मजा जास्त आहे. १८६२ सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया बघा. सालाचे आकडे १८७४ पर्यंत बदललेच नाहीत, सगळ्यांवर १८६२च. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूच्या नक्षीत बारीक ठिपके घातले. त्या ठिपक्यांवरून नाणं खरं कोणत्या साली पडलं ते ओळखायचं. किंवा १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला, पण सोंड एवढी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, पुढच्या वर्षी हत्तीची सोंड लांब केली. 'डुक्कर रुपया' आजही भाव खातो. सरकारने डॉलरही पाडले, हे फार जणांना माहीत नसतं. पूर्वेकडच्या व्यापारासाठी १८९५ पासून १९३५ पर्यंत मुंबईच्या टांकसाळीत त्रिशूळ धरून उभ्या असलेल्या ब्रिटानियाचे चांदीचे डॉलर निघत होते. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' अक्षर दिसलं तर तो मुंबईचा. मामा तो दाखवताना 'आपला डॉलर' असं म्हणतात.

परवा शेजारच्या मावशी आल्या. गळ्यातल्या साखळीतला एक रुपया तुटून पडला होता, तो मामांना दाखवायला. वर कडी डाग देऊन बसवलेली, खाली दोन पिढ्यांच्या घामाने गुळगुळीत झालेली राणी. मामांनी तो उजेडात तिरपा धरला, भिंग डोळ्याला लावलं, ओठ हलवत मोजू लागले. बोटाने कडीपाशी चाचपलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. ठिपका असायचा तिथेच डाग दिला होता.

"मावशी, इथे एक ठिपका होता."

"असेल. चांदी किती भरेल?"

"ठिपका असता तर..."

"तो ठिपका जाऊ दे भाऊ. कडी नवी बसवून देतील का तेवढं सांग."

रोजच्या चिल्लरीतही मामांना सुख नाही. एसटी स्टँडवर सुट्टे पैसे मिळाले की ते रांग अडवून सालाच्या खाली बघतात. हिऱ्याच्या आकाराची खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. ही विद्या गावात पसरली, पण पसरताना बिघडली. आता लोक मामांकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन येतात आणि मोबाइलवरचा संदेश दाखवतात, याचे दहा लाख येतात म्हणे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून टाकलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या या धंद्याशी आपला संबंध नाही आणि आपण कोणाकडून कमिशन घेत नाही. मामा ते पत्रक वाचून दाखवतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की म्हातारा स्वतःच विकत घ्यायला बघतोय.

आता मुख्य गोष्ट, जिने मामांचं आयुष्य आणि अलिबागच्या सराफकट्ट्याचा भाव दोन्ही बदललं. पहिलं महायुद्ध चालू असताना हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली. नोटा घेऊन लोक रोख रुपये मागायला सरकारी कचेऱ्यांत येऊ लागले, कारण कागदावर भरवसा नव्हता. सरकारने चांदी वाचवायला १९१७ च्या शेवटी एक रुपयाची नोट काढली, आणि जानेवारी १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची. अडीच रुपयांच्या नोटेवर विश्वास ठेवायचा म्हणजे लोकांकडून फारच अपेक्षा झाली. शेवटी इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरला. अमेरिकेच्या तिजोरीत मॉर्गन डॉलरचे ढीग पडून होते. एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा झाला आणि सत्तावीस कोटींवर डॉलर वितळवले गेले. त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी ब्रिटनला, म्हणजे आपल्याकडच्या रुपयांसाठी विकली गेली. १९१८ आणि १९१९ मध्ये मुंबई आणि कलकत्ता मिळून दरसाल चाळीस कोटींच्या पुढे रुपये पडले.

मामांनी कागद-पेन्सिल घेतली. एका डॉलरमध्ये शुद्ध चांदी चोवीस ग्रॅम. एका रुपयात दहा ग्रॅम सत्तर. म्हणजे एका मास्तरीणबाईंचे सव्वादोन रुपये. मामांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पूजेच्या डब्याकडे बघितलं.

"अगं, तुझ्या आईकडचे ते राजाछाप. साल बघ."

मामींनी चष्मा लावून बघितलं. बरेचसे १९१८ चे, खाली मुंबईचा ठिपका असलेले. कागदावरचा हिशेब खरा धरला तर गेली शंभर वर्षं मामींच्या माहेरी लक्ष्मी म्हणून फिलाडेल्फियाची शिक्षिका पुजली जात होती. मामींना याचा राग आला नाही. उलट, "मग कुंकू लावलं ते बरोबरच होतं की," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मामांचा विषय मात्र तिथे सुरू झाला. वितळवताना कोणत्या सालाचे किती डॉलर गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. १८९५ साली फिलाडेल्फियात बारा हजार साधे डॉलर पाडल्याचं तिथल्या वह्या सांगतात, पण त्यातला एकही आजवर कोणाला सापडलेला नाही. दिसतात ते फक्त खास नमुना म्हणून पाडलेल्या ८८० पैकीचे. ते बारा हजार गेले कुठे? मामांचं उत्तर तयार आहे. वितळले, मुंबईला आले, रुपये झाले, आणि त्यातले काही रोहा, पेण, रेवदंड्याच्या पेट्यांत पडून आहेत. तपासून बघायची सोय नाही, आणि चूक ठरवायचीही सोय नाही. म्हणून १९१८ चा मुंबईचा रुपया जिथे दिसेल तिथे ते घेतात, आणि घेताना समोरच्याला ही सगळी कहाणी पिटमन कायद्यासकट ऐकवतात.

ओळखीच्या सराफांनाही त्यांनी ती ऐकवली, एकदा नव्हे, सवडीने, वेळोवेळी. गेल्या आठवड्यात मामांबरोबर मीही दुकानात गेलो होतो. सराफांनी काउंटरवर तीन रुपये मांडले. एक १९१६ चा, एक १९१८ चा, एक १९२० चा. मामांनी अपेक्षेप्रमाणे मधल्यावर बोट ठेवलं. सराफांनी तो काट्यावर टाकला, ११ ग्रॅम साठ, आणि भाव सांगितला. बाकीच्या दोघांपेक्षा तीनशे रुपये जास्त.

"वजन तेवढंच आहे की," मामा म्हणाले.

"वजन तेवढंच आहे," सराफ म्हणाले. "पण यात अमेरिका आहे ना, मामा. तुम्हीच तर सांगितलंत."